हृदय, फुफ्फुसे आणि रक्त: एका मिनिटाच्या हिशेबातून समजून घेण्याची पद्धत

शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीराला दर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि त्याच मिनिटात सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर टाकावा लागतो. हृदय, फुफ्फुसे आणि रक्त यांची रचना या एका व्यवहाराभोवती उभी आहे. तरीही बहुतेक विद्यार्थी हृदयाचे कप्पे, फुफ्फुसांच्या धारकता आणि रक्तपेशींच्या संख्या अशा तीन वेगवेगळ्या याद्या पाठ करतात. मग परीक्षेत "हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसाची फुफ्फुसे निरोगी असूनही त्याला जिना चढताना धाप का लागते?" असा प्रश्न आला, की तिन्ही याद्या पाठ असूनही उत्तर सुचत नाही. कोल्हापुरातील अकरावी-बारावीच्या, तसेच नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे जी पद्धत दिली आहे, तिच्यात प्रत्येक टप्प्यावर काहीतरी मोजायचे किंवा हाताने काढायचे आहे, आणि शेवटी ते २५० मिलिलिटर आपल्याच आकड्यांतून मिळतात का हे पाहायचे आहे.

यासाठी सेकंदकाट्याचे घड्याळ, पाण्याचा पाच लिटरचा पारदर्शक कॅन, हातभर रबरी नळी, बादली, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि एक वही एवढे साहित्य पुरते. बकऱ्याचे हृदय मिळाले तर अभ्यास अधिक पक्का होतो. घरात ते चालत नसेल तर महाविद्यालयातील प्रतिकृतीवर काम भागवावे.

पहिला टप्पा: नाडी

पाच मिनिटे शांत बसल्यावर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी, मधले बोट आणि अनामिका टेकवून नाडी मोजावी. अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणाऱ्याचेच ठोके मोजले जाण्याचा धोका असतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय सर्वत्र आहे. पण त्यात एका ठोक्याची चूक मिनिटाला चार ठोक्यांची होते, म्हणून निदान शिकताना तरी पूर्ण मिनिट मोजावे. प्रौढांमध्ये विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य मानले जातात. तालमीत नियमित मेहनत करणाऱ्या मुलांची नाडी पन्नाशीतही आढळते. त्यांचे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलते, त्यामुळे कमी ठोक्यांत काम भागते.

आता सावकाश खोल श्वास घेत आणि सोडत पुन्हा नाडी पाहावी. बहुतेक तरुणांमध्ये श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात. हा आजार नसून मेंदूतील श्वसनाचे व हृदयगतीचे नियंत्रण एकमेकांशी जोडलेले असल्याची खूण आहे.

आणखी एक गोष्ट येथेच स्पष्ट करून घ्यावी. बोटाला जाणवणारी नाडी म्हणजे त्या क्षणी हृदयातून निघालेले रक्त मनगटापर्यंत पोहोचल्याची खूण नव्हे. महारोहिणीतील, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतील, रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २० ते ३० सेंटिमीटर असतो, तर रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) भिंतीतून धावणारी दाबाची लाट सेकंदाला कित्येक मीटर जाते. बोटाला लागते ती ही लाट.

दुसरा टप्पा: हृदय हातात घेऊन पाहणे

मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवावे, की हृदय चिरा न देता, फुफ्फुसे आणि श्वासनलिकेसह अखंड हवे आहे. नुसते काळीज मागितले तर यकृत पुडीत येईल. काम करताना हातमोजे घालावेत, पाते शरीरापासून दूर ठेवावे, आणि शेवटी जागा व हत्यारे साबणाने स्वच्छ धुवावीत.

कापण्याआधी हृदय बोटांनी दाबून पाहावे. एक बाजू घट्ट लागते, ती डावी. दुसरी मऊ लागते, ती उजवी. हृदय समोर धरल्यावर ते माणसाच्या छातीत असल्याप्रमाणे डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, आणि आकृती काढताना होणाऱ्या निम्म्या चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात. वरच्या टोकाला महारोहिणीचे जाड भिंतीचे, दाबले तरी गोल राहणारे तोंड दिसते. हृदय सरळ धरून त्यात नळाचे पाणी हलकेच सोडावे. झडपा शाबूत असतील तर पाणी खाली निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) न उतरता वरच साठून राहते आणि तीन पाकळ्यांची अर्धचंद्राकृती झडप मिटलेली दिसते. पाण्याची पातळी हळूहळू उतरते, याचे एक कारण त्या झडपेच्या अगदी वर असलेली दोन छोटी छिद्रे हे आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्या तेथूनच निघतात.

मग दोन्ही निलये आडवी कापून भिंतींची जाडी पट्टीने मोजावी. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड भरते. येथे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो, की डावी बाजू जास्त रक्त ढकलते. दोन्ही बाजू एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे दर मिनिटाला दोन्हींतून सारखेच रक्त जाते. तसे नसते तर काही मिनिटांतच फुफ्फुसांत रक्त तुंबले असते किंवा तेथील रक्त संपले असते. फरक दाबाचा आहे. महारोहिणीतील सरासरी दाब ९० मिमी पाऱ्याच्या पुढे असतो, तर फुफ्फुसी रोहिणीत तो अवघा १५ मिमीच्या आसपास असतो, कारण फुफ्फुसांतील वाहिन्या आखूड, रुंद आणि सहज ताणल्या जाणाऱ्या असतात. तेवढेच रक्त सहापट दाबाविरुद्ध ढकलायचे म्हणून डावी भिंत जाड.

अलिंद (वरचा कप्पा) आणि निलय यांच्यामधल्या झडपांना खालून बांधलेले पांढरे दोरेही ओढून पाहावेत. ते झडप उघडत नाहीत. निलय आकुंचन पावताना झडप उलटी फिरून अलिंदात जाऊ नये म्हणून तिला रोखून धरतात. झडपा उघडतात आणि मिटतात त्या केवळ दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकामुळे. हे समजले की हृदयाचे दोन आवाज पाठ करावे लागत नाहीत: निलयाचा दाब अलिंदापेक्षा वाढताच वरच्या झडपा मिटतात, तो पहिला आवाज, निलयाचा दाब रोहिणीपेक्षा उतरताच अर्धचंद्राकृती झडपा मिटतात, तो दुसरा.

तिसरा टप्पा: एका ठोक्यापासून एका मिनिटापर्यंत

नाडी ७२ असेल तर एका ठोक्याचे चक्र ६० ÷ ७२, म्हणजे सुमारे ०.८३ सेकंदाचे असते. त्यापैकी साधारण ०.३ सेकंद निलये आकुंचन पावतात आणि उरलेला सुमारे अर्धा सेकंद ती शिथिल होऊन भरत असतात. उजव्या अलिंदाच्या भिंतीतील एसए नोडमध्ये विद्युत संदेश उमटतो, तो अलिंदांत पसरतो, एव्ही नोडमध्ये सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका अडतो आणि मग पर्किंजे तंतूंमधून दोन्ही निलयांत वेगाने पोहोचतो. मधला विलंब नसता तर अलिंदांनी आपले रक्त खाली देण्याआधीच निलये मिटली असती.

भरलेल्या निलयात सुमारे १२० मिलिलिटर रक्त असते आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर शिल्लक राहते. म्हणून एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर पडते, आणि ७० × ७२ = ५,०४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. प्रौढाच्या शरीरातील एकूण रक्तही वजनाच्या दर किलोमागे साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरच्या आसपास असते. याचा अर्थ शरीरातले सगळे रक्त सरासरी एका मिनिटात एकदा फिरून येते.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्त फिरते असे मांडले, तेव्हा त्याच्या युक्तिवादाचा कणा असाच एक गुणाकार होता. एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे मानले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त संपूर्ण शरीरातील रक्तापेक्षा जास्त भरते. एवढे रक्त खाल्लेल्या अन्नापासून सतत नव्याने तयार होणे अशक्य आहे, म्हणून तेच रक्त परत येत असले पाहिजे. ते कोणत्या वाटेने परत येते हे त्याला दिसले नव्हते. ती वाट, म्हणजे केशिका या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या, मार्चेल्लो माल्पिघी याने १६६१ साली बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. या विषयात गणिताने सूक्ष्मदर्शकाच्या तेहेतीस वर्षे आधी उत्तर दिले होते, आणि तरीही शरीरक्रियाशास्त्रात गणित नको म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

नाडी वाढली की चक्र लहान होते. पण आकुंचनाचा काळ थोडा आणि शिथिलतेचा काळ पुष्कळ कमी होतो. डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः शिथिलतेतच मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो. हृद्‌रोहिणी अरुंद झालेल्या रुग्णाला वेगवान नाडी का सोसत नाही, याचे एक कारण येथे आहे.

चौथा टप्पा: रक्तदाब

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवावा. पट्टा गुंडाळून मनगटाची नाडी चाचपत हवा भरावी. नाडी लागेनाशी झाल्यावर आणखी ३० मिमी वर न्यावे, आणि मग कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीने हवा सोडावी. पहिला टकटक आवाज येतो तो वरचा दाब आणि आवाज पूर्ण नाहीसा होतो तो खालचा. ही पद्धत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ साली सांगितली.

त्यानंतर मुद्दाम हात खाली लोंबता ठेवून पुन्हा मोजावे. रक्ताच्या स्तंभाचे वजन मध्ये येत असल्यामुळे दर १० सेंटिमीटर उंचीला जवळजवळ ८ मिमी पाऱ्याचा फरक पडतो. वॉर्डात रुग्णाचा हात कसाही धरून घेतलेला दाब किती फसवा असू शकतो, हे या एका प्रयोगाने कायमचे लक्षात राहते.

सरासरी दाब म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबाची सरळ सरासरी नव्हे, कारण चक्राचा जास्त वेळ शिथिलतेत जातो. खालच्या दाबात दोन्हींच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवावा: १२०/८० असेल तर ८० + (४० ÷ ३) = सुमारे ९३ मिमी. हा दाब हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते आणि सूक्ष्म रोहिण्या त्याला किती विरोध करतात, या दोन गोष्टींवर ठरतो. उसाला पाणी पाजताना दारे धरणारा माणूस मोटर तीच ठेवून एका सरीचे दार उघडतो आणि दुसऱ्या सरीचे बंद करतो. सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतीतील स्नायू हेच काम करतात, म्हणून जेवणानंतर आतड्यांकडे आणि व्यायामात मांड्यांकडे जास्त रक्त वळते. सगळी दारे एकदम उघडली तर दाब कोसळतो. तीव्र जंतुसंसर्गातील रक्तदाब उतरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पाचवा टप्पा: फुफ्फुसे किती हवा घेतात

फुफ्फुसांना स्वतःला फुगवणारा स्नायू नाही. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर जातात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उतरतो आणि हवा आत शिरते. शांत श्वास सोडण्यासाठी स्नायूंचे काम लागत नाही. ताणलेली फुफ्फुसे आपणहून पूर्ववत होतात. बकऱ्याची फुफ्फुसे आणली असतील तर श्वासनलिकेत सायकलच्या पंपाची नळी घट्ट बसवून ती फुगवावीत आणि मग नळी काढून घ्यावी. तोंडाने मात्र कधीही फुंकू नये. फुगलेली फुफ्फुसे आपोआप आकसताना पाहिल्यावर या मुद्द्यावर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

स्वतःची मोजणी अशी करावी. कॅनमध्ये अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतत प्रत्येक पातळीवर खूण करावी. कॅन काठोकाठ भरून, तोंडावर तळवा धरून, पाणी असलेल्या बादलीत उलटा करावा आणि नळीचे एक टोक त्याच्या तोंडात सरकवावे. एकाने कॅन धरावा, दुसऱ्याने नाक चिमटीत धरून शक्य तितका खोल श्वास घ्यावा आणि नळीतून अगदी शेवटपर्यंत, सावकाश सोडावा. कॅनमध्ये साठलेली हवा म्हणजे जीवनधारकता. ती शरीरातून बाहेर येऊन थंड झाल्यामुळे थोडी आकसते. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर वाचन १.०७५ ने गुणावे. प्रौढ पुरुषांत हा आकडा चार ते पाच लिटर, स्त्रियांत तीन ते साडेतीन लिटरच्या आसपास येतो आणि उंचीनुसार बदलतो. प्रत्येकाने स्वतंत्र स्वच्छ नळी वापरावी. दमा, जुनाट खोकला किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा प्रयोग करू नये. पूर्ण श्वास सोडल्यावरही सुमारे १.२ लिटर हवा आत उरते, आणि ती या कॅनने काय, महागड्या स्पायरोमीटरनेही मोजता येत नाही, कारण जी बाहेर येतच नाही ती पकडणार कशी?

शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते, पण त्यातील १५० मिलिलिटर श्वासमार्गातच राहते आणि वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण हवा ५०० × १२ = ६ लिटर, आणि उपयोगी हवा ३५० × १२ = ४.२ लिटर. आता कोणी उथळ आणि जलद, २५० मिलिलिटरचे २४ श्वास घेऊ लागले, तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर; पण उपयोगी हवा १०० × २४ = २.४ लिटर. रुग्ण भराभर श्वास घेतो आहे म्हणून त्याला भरपूर हवा मिळते आहे असे समजणे किती चुकीचे आहे, हे दाखवायला ही चार ओळींची आकडेमोड पुरेशी आहे, आणि या संपूर्ण लेखातील एकच गणित लक्षात ठेवायचे झाले तर ते हे ठेवावे.

सहावा टप्पा: कोल्हापूरच्या हवेतील ऑक्सिजन

पाठ्यपुस्तकातील वायुकोशातल्या ऑक्सिजनचा १०० मिमीचा आंशिक दाब (हवेच्या एकूण दाबातील एकट्या ऑक्सिजनचा वाटा) समुद्रसपाटीसाठी असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवेचा दाब ७६० ऐवजी ७१२ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये तो पाहू नये; तेथे बहुधा समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला दाब दाखवतात आणि कोल्हापूर किनाऱ्यावर असल्यासारखे वाटते.

श्वासमार्गात हवा ओलावते आणि ३७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिमी असतो. तो वजा करून उरलेल्या दाबाच्या २१ टक्के ऑक्सिजनचा वाटा काढावा: ०.२१ × (७१२ − ४७) = सुमारे १४० मिमी. वायुकोशात रक्तातून कार्बन डायऑक्साइड येत असतो. त्याचा ४० मिमी हा दाब ०.८ ने (आरंभीच्या आकड्यांतील २०० ÷ २५०) भागून वजा करावा, म्हणजे १४० − ५० = ९० मिमी. समुद्रसपाटीला हेच उत्तर १०० येते. पन्हाळ्यासाठीही हे गणित करून पाहावे. या उंचीच्या पट्ट्यात दर शंभर मीटरला हवेचा दाब साधारण ८ मिमीने उतरतो.

दहा मिमीची ही घट कोल्हापूरकरांना जाणवत का नाही, याचे उत्तर फुफ्फुसात नसून रक्तात आहे. वायुकोश आणि रक्त यांच्यातील पडदा सुमारे अर्धा मायक्रॉन जाड असतो आणि सर्व वायुकोशांचे क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्या घरात जाते. तांबडी पेशी तेथील केशिकेतून पाऊण सेकंदात जाते, पण पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन पुरा भरतो. उरलेला वेळ राखीव असतो आणि तो धावताना कामी येतो.

सातवा टप्पा: रक्त किती वाहून नेते

रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रव आणि ४५ टक्के पेशी. एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी ४५ ते ५५ लाख, पांढऱ्या ४ ते ११ हजार आणि रक्तपट्टिका दीड ते साडेचार लाख असतात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. हे आकडे पाठ करण्याला पर्याय नाही, म्हणून त्यांवर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

हिमोग्लोबिनचा आलेख मात्र स्वतः काढावा. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब, उभ्या अक्षावर हिमोग्लोबिनची टक्केवारीतील संपृक्तता (ते ऑक्सिजनने किती भरले आहे) घेऊन हे बिंदू मांडावेत: २७ मिमीला ५० टक्के, ४० ला ७५, ६० ला ९०, ९० ला सुमारे ९७ आणि १०० ला साडेसत्त्याण्णव. ६० च्या पुढे वक्र जवळजवळ सपाट होतो, म्हणून १०० ऐवजी ९० मिमी मिळाल्याने जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. ६० च्या खाली तो झपाट्याने उतरतो, म्हणून पेशींजवळ दाब थोडा कमी होताच भरपूर ऑक्सिजन सुटतो. काम करणाऱ्या स्नायूत उष्णता, आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतात तेव्हा हाच वक्र उजवीकडे सरकतो आणि ऑक्सिजन आणखी सैल सुटतो.

आता मुख्य हिशेब. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रोहिणीतील रक्तात १५ × १.३४ × ०.९७ = १९.५ मिलिलिटर, त्यात नुसता विरघळलेला ०.००३ × ९० = ०.२७ मिलिलिटर मिळवला की सुमारे १९.८. परत येणाऱ्या रक्ताची संपृक्तता ७५ टक्के असते, म्हणून त्यात साधारण १५.२ उरतो. फरक ४.६ मिलिलिटर, म्हणजे दर लिटरला ४६. मिनिटाला पाच लिटर रक्त फिरते, म्हणून ४६ × ५ = २३० मिलिलिटर. सुरुवातीच्या २५० च्या इतक्या जवळ आपण नाडी, हवेचा दाब आणि हिमोग्लोबिन यांच्यापासून पोहोचलो. हाच संबंध उलटा वापरून, ऑक्सिजनच्या वापरावरून हृदय किती रक्त ढकलते हे काढता येईल, असे आडोल्फ फिक याने १८७० साली सुचवले होते.

आता त्याच सूत्रात हिमोग्लोबिन ८ ग्रॅम घालावे. ८ × १.३४ × ०.९७ = १०.४, म्हणजे वाहतुकीची क्षमता जवळजवळ निम्मी. तरीही बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९७ टक्केच दाखवेल, कारण तो हिमोग्लोबिन किती आहे हे न मोजता असलेल्यापैकी किती भरले आहे एवढेच सांगतो. अशा रुग्णाच्या शरीराला मिनिटाला पाच लिटर रक्तातून सुमारे ५२० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो आणि त्यातून २५० काढून घेतल्यावर बसल्याजागी भागते. जिना चढताना मागणी दुपटीहून अधिक होते तेव्हा राखीव काहीच उरत नाही. हृदयाला ठोके वाढवावेच लागतात आणि धाप लागते. लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही साधा ऑक्सिमीटर असाच फसवा चांगला आकडा दाखवू शकतो.

रक्तगटांविषयी थोडक्यात. पेशीवर जे प्रतिजन नाही त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तद्रवात असतात, एवढा एक नियम कळला की ए, बी, एबी आणि ओ यांची सारणी स्वतःच तयार करता येते. या नियमाची खरी परीक्षा मात्र १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या रक्तगटात होते. या व्यक्तींच्या पेशींवर ए आणि बी तर नसतातच, पण ज्यापासून ते घडतात तो एच प्रतिजनही नसतो. नेहमीच्या चाचणीत त्या ओ गटाच्या वाटतात. पण ओ गटाच्या पेशींवर एच असतो आणि यांच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिद्रव्य असते, म्हणून ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. रक्त देण्यापूर्वी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष जुळवून का पाहतात, हे यावरून समजते.

आठवा टप्पा: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याखाली रोखलेला दम

रक्तातील कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात, २० ते २३ टक्के हिमोग्लोबिनला जोडून आणि ७ टक्के विरघळून जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की श्वास घेण्याची ऊर्मी निरोगी माणसात ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते.

याचा संबंध पंचगंगेच्या घाटावर आणि विहिरींत पोहणाऱ्या मुलांशी थेट आहे. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात. त्याने रक्तातील ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण संपृक्तता आधीच ९७ टक्के आहे. कार्बन डायऑक्साइड मात्र बराच उतरतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली जातो तरी श्वासाची ऊर्मी येत नाही आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. उत्तम पोहणारेही असे बुडतात. ज्या विद्यार्थ्याला आलेखाचा सपाट भाग समजला आहे त्याने हे आपल्या लहान भावंडांना सांगितलेच पाहिजे.

नववा टप्पा: श्रमात सगळे एकत्र

साधारण फूटभर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटे एका लयीत चढ-उतार करावी. ताप, दमा किंवा हृदयाचा कोणताही त्रास असलेल्यांनी हे करू नये, आणि चक्कर किंवा छातीत दुखणे जाणवल्यास लगेच थांबावे. थांबल्याबरोबर पहिले १५ सेकंद, आणि मग पहिले, दुसरे व तिसरे मिनिट संपल्यावर पुन्हा १५ सेकंद नाडी मोजून आलेख काढावा. येथे १५ सेकंदच मोजावे लागते, कारण पूर्ण मिनिट मोजेपर्यंत नाडी उतरलेली असते.

आता कमाल श्रम करणाऱ्या, कसलेल्या तरुण मल्लाचा किंवा फुटबॉलपटूचा हिशेब मांडावा. नाडी १९० आणि एका ठोक्याला ११० मिलिलिटर धरले तर मिनिटाला जवळजवळ २१ लिटर रक्त; स्नायू दर लिटरमागे ४६ ऐवजी सुमारे १५० मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतात; म्हणजे मिनिटाला तीन लिटरहून अधिक ऑक्सिजन, विश्रांतीच्या बारापट. यात हृदयाचा वाटा चौपटीचा आणि रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेण्याचा वाटा तिपटीहून थोडा अधिक आहे. फुफ्फुसे मिनिटाला शंभर लिटरहून अधिक हवा हलवू शकतात आणि रोहिणीतील संपृक्तता निरोगी माणसात फारशी उतरत नाही, म्हणून अशा श्रमात बहुधा हृदयाची मर्यादा आधी येते.

कुस्तीत मात्र एक वेगळी स्थिती येते. प्रतिस्पर्ध्याला उचलताना किंवा दाबून धरताना मल्ल घसा बंद करून जोर लावतो, तेव्हा छातीतील दाब वाढतो, शिरांमधून हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते. पकड सुटताच अडलेले रक्त एकदम परत येते आणि सूक्ष्म रोहिण्या अजून आकसलेल्याच असल्यामुळे रक्तदाब काही क्षण नेहमीपेक्षा वर जातो. वरच्या हिशेबातील कोणता आकडा कोणत्या क्षणी बदलला, हे या उदाहरणावर विद्यार्थ्यांनी वहीत क्रमाने लिहून पाहावे.